खुर्ची कोणाला, किल्ली कोणाला?

३० जुलै २०१९ रोजी अझीम प्रेमजी विप्रोच्या कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. १९६६ साली त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली होती, म्हणजे तब्बल ५३ वर्षांनी ते बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले चिरंजीव रिशद प्रेमजी त्या जागी आले. या गोष्टीला आता काही वर्षे झाली, तरी आपल्या मित्रमंडळीत नोकरी, धंदा, यश असा विषय निघाला की प्रेमजींचे नाव निघतेच, आणि बोलणे दोनच वाटांनी जाते. एक म्हणतो, "बघ, आपला माणूस कुठवर पोचला." दुसरा म्हणतो, "शेवटी गादी मुलालाच दिली ना!"

दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे, पण दोन्हींवर चर्चा संपते आणि आपल्या हाती काही लागत नाही. मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअरचे काम करतो. एखादी व्यवस्था ती उभी करणाऱ्या माणसाशिवाय चालते की नाही, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. म्हणून या अंकात प्रेमजींच्या श्रीमंतीपेक्षा त्यांच्या बाजूला होण्याबद्दल लिहितो आहे. त्या निमित्ताने आपल्या घरांबद्दल, दुकानांबद्दल आणि संस्थांबद्दलही काही बोलायचे आहे.

विप्रो म्हटले की बंगळूर डोळ्यांसमोर येते. कंपनीचा जन्म मात्र आपल्याच नाशिक विभागात, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला झाला. साने गुरुजींनी जिथे शिक्षकाची नोकरी केली आणि २०२४ मध्ये जिथे ९७ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेच हे गाव. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. 'सनफ्लॉवर' नावाचे वनस्पती तूप आणि '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण ही तिची सुरुवातीची ओळख. अमळनेरमध्ये या कंपनीचे शेअर आजोबांकडून नातवापर्यंत जपून ठेवलेली कुटुंबे आहेत आणि त्यांच्या गोष्टी खानदेशात कौतुकाने सांगितल्या जातात.

ऑगस्ट १९६६ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींचे अचानक निधन झाले. अझीम तेव्हा २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. शिक्षण अर्धवट सोडून ते परतले आणि कारभार अंगावर घेतला. त्यानंतरच्या भागधारकांच्या सभेतला एक प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. एक भागधारक उभा राहिला आणि सर्वांसमोर म्हणाला की तुम्ही तुमचे शेअर विकून टाका आणि कंपनी एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती द्या, हे काम तुमच्याने व्हायचे नाही. त्या भागधारकाचे फारसे चुकले होते असे मला वाटत नाही. समोर अनुभव नसलेला मुलगा होता आणि त्याच्याकडे खुर्ची येण्याचे एकमेव कारण रक्ताचे नाते होते.

विप्रोमधला पहिला वारसाबदल असा, काहीही तयारी नसताना झाला. तो निभावला. पण तो निभावला म्हणून तयारी नसली तरी चालते, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा अचानक आलेल्या जबाबदारीखाली बुडालेली दुकाने, कारखाने आणि घरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, फक्त त्यांच्यावर लेख येत नाहीत.

प्रेमजींनी पुढे जे केले त्यातला एक भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्यांनी ते येणारी माणसे आणली. १९७७ मध्ये कंपनीचे नाव 'विप्रो प्रॉडक्ट्स' झाले. त्याच सुमारास परकी भांडवलाबद्दलच्या नियमांवरून आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला आणि संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली. तूप-साबण बनवणाऱ्या कंपनीला संगणकातले काय कळणार होते? म्हणून बाहेरून अभियंते आले, बंगळूरला संशोधनाचे काम सुरू झाले आणि १९८० च्या दशकात विप्रो संगणक विकू लागली. २००० साली ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. हे सारे एका माणसाच्या बुद्धीने झाले नाही. मालकाला जे येत नव्हते ते येणाऱ्यांना त्याने काम करू दिले, म्हणून झाले.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. यापुढची फारशी सांगितली जात नाही. विप्रोच्या आयटी व्यवसायाची धुरा सांभाळणारे विवेक पॉल २००५ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या जागी दुसरे कोणी आले नाही, प्रेमजींनी ते काम स्वतःकडेच घेतले. २००८ मध्ये गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी या दोघांना मिळून संयुक्त मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले. एका गाडीला दोन चालक, हा प्रयोग तीन वर्षेही टिकला नाही. जानेवारी २०११ मध्ये दोघेही गेले आणि टी. के. कुरियन आले. २०१६ मध्ये अबिदाली निमुचवाला आले, ते आधी टीसीएसमध्ये होते. २०२० मध्ये कॅपजेमिनीतून थिएरी देलापोर्त आले. त्यांनीही मुदत पुरी होण्याआधीच पद सोडले आणि एप्रिल २०२४ मध्ये श्रीनिवास पल्लिया आले. ते १९९२ पासून विप्रोतच काम करत होते.

ही यादी कोणाला कमी लेखण्यासाठी दिलेली नाही. ५३ वर्षे एकच माणूस मध्यभागी असला की त्याच्यानंतरची माणसे तयार करणे किती अवघड होते, ते त्यातून दिसते. बाहेरून आणलेल्या माणसाला घर समजून घ्यायला वेळ लागतो. घरातल्या माणसाला मालकाच्या सावलीबाहेर यायला वेळ लागतो. अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्या, उत्तम सल्लागार बाळगणाऱ्या कंपनीला हे सहज जमले नाही. मग आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेला ते आपोआप कसे जमेल?

आता 'शेवटी मुलालाच दिली' या आक्षेपाकडे येऊ. रिशद २००७ मध्ये विप्रोत आले. त्याआधी त्यांनी हार्वर्डमधून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले होते आणि बेन व जीई कॅपिटल या कंपन्यांत काम केले होते. विप्रोत त्यांनी धोरण विभाग सांभाळला, २०१५ मध्ये संचालक मंडळावर आले आणि एकूण १२ वर्षांनी अध्यक्ष झाले. तयारी होती, यात वाद नाही. पण त्यांच्याइतकीच तयारी असलेल्या, आडनाव वेगळे असलेल्या माणसाला ती खुर्ची मिळाली असती का? नसती मिळाली. हे मान्य करायला आपण कचरू नये.

मात्र इथे एक फरक नीट पाहायला हवा. मालकी, अधिकारपद आणि रोजचे काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीत प्रेमजी कुटुंबाचा आणि त्यांच्या संस्थांचा वाटा जवळपास तीन चतुर्थांश होता. अध्यक्षपद मालकीबरोबर गेले. रोजचा कारभार चालवणाऱ्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या जागी मात्र कुटुंबाबाहेरचे व्यावसायिक राहिले. आणि मालकीचे काय झाले? मार्च २०१९ मध्ये, निवृत्तीच्या काही महिने आधी, प्रेमजींनी विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरांचे उत्पन्न आपल्या सेवाभावी कामासाठी कायमचे बांधून दिले. त्या शेअरांची तेव्हाची किंमत सुमारे ५२,७५० कोटी रुपये होती. आधीचे धरून विप्रोच्या सुमारे ६७ टक्के मालकीचे आर्थिक फळ त्यामुळे अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या कामाकडे जाऊ लागले. सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी ही संस्था २००१ पासून काम करते आहे.

म्हणजे मुलाला खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीखालच्या पैशातला मोठा भाग आधीच दुसऱ्या कारणासाठी राखलेला होता. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. वस्तू आपल्या ताब्यात असते, पण ती आपली नसते. प्रेमजींनी हे धर्माच्या भाषेत मांडलेले नाही आणि आपणही त्यांच्यावर ते लादू नये. तरी अमानत म्हणजे काय हे घरातून शिकलेल्या वाचकाला या व्यवहाराचा अर्थ लगेच कळेल. वारसदाराला संपत्तीपेक्षा जबाबदारी जास्त मिळाली.

घराणेशाही टाळली की सगळे सुरळीत होते, असेही नाही. त्यासाठी इन्फोसिसचे उदाहरण पाहावे. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात नोंदली गेली. संस्थापकांची मुले कारभारात येणार नाहीत, ही तिथली भूमिका प्रसिद्ध होती. नारायण मूर्ती, नंदन निलेकणी, क्रिस गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल असे संस्थापकच पाळीपाळीने प्रमुख झाले. २०११ मध्ये मूर्ती अध्यक्षपदावरून निवृत्त झाले, पण २०१३ मध्ये त्यांना परत बोलावले गेले. येताना त्यांनी मुलगा रोहन यांना कार्यकारी सहायक म्हणून सोबत आणले आणि त्यावर भरपूर चर्चा झाली. वर्षभरात दोघेही बाहेर पडले. ऑगस्ट २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले प्रमुख आले. संस्थापकांशी जाहीर मतभेद होऊन त्यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा निलेकणींना अध्यक्ष म्हणून परतावे लागले. नियम चांगला होता, माणसे प्रामाणिक होती, तरी बाजूला होण्याचे काम अर्धवट राहिले होते. बाहेर पडलेला माणूस दारातच उभा असेल तर आतल्याला काम करणे कठीण जाते.

टाटा सन्समध्ये याहून मोठा स्फोट झाला. रतन टाटा डिसेंबर २०१२ मध्ये निवृत्त झाले आणि सायरस मिस्त्री अध्यक्ष झाले. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मिस्त्रींना काढण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल लागायला मार्च २०२१ उजाडले. त्याच समूहातल्या टीसीएसमध्ये मात्र चित्र वेगळे दिसते. एफ. सी. कोहली यांच्यानंतर १९९६ मध्ये एस. रामदुराई, २००९ मध्ये एन. चंद्रशेखरन, २०१७ मध्ये राजेश गोपीनाथन आणि २०२३ मध्ये के. कृतिवासन, हे सगळे त्याच कंपनीत वाढलेले लोक. तिथे एक जण जाण्याआधी दुसरा तयार असतो, कारण माणसे वाढवणे हा तिथल्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

आपल्या आकाराला आणि भागाला जवळचे उदाहरण पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आहे. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. पुढे त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी बाहेरून आणायचे ठरवले. २०१९ मधली पहिली नेमणूक फार काळ टिकली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये संदीप कालरा यांच्याकडे ते पद गेले आणि देशपांडे अध्यक्ष म्हणून राहिले. पहिला बदल जमला नाही म्हणून 'बघा, माझ्याशिवाय चालतच नाही' असे म्हणत देशपांडे परत त्या खुर्चीत जाऊन बसले नाहीत, हे मला त्यात विशेष वाटते.

कंपन्या हे सारे केवळ शहाणपणाने करतात असेही नाही, त्यांच्या मागे कायदा उभा असतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९६ नुसार वयाच्या ७० वर्षांनंतर व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक म्हणून राहायचे असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे तीन चतुर्थांश मते. कलम २०३ नुसार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासारखे पद रिकामे झाले तर ते सहा महिन्यांत भरावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळाने वारसाबदलाची योजना तयार आहे याची खात्री करावी, असे सेबीचे नियम सांगतात. ज्यांचे पैसे गुंतले आहेत त्यांना उद्याबद्दल विचारण्याचा हक्क आहे, एवढाच याचा अर्थ.

आमच्या कामात हाच प्रश्न फार रोखठोकपणे विचारला जातो. या टीममधला कोण उद्या आला नाही तर काम थांबेल? उत्तरात एकच नाव येत असेल तर तो त्या माणसाचा मोठेपणा मानत नाहीत, तो प्रकल्पातला धोका समजतात. मी पूर्वी जिथे नोकरी करत होतो तिथे एका वरिष्ठ सहकाऱ्याकडे सर्व्हरचे सगळे पासवर्ड आणि ग्राहकाशी बोलण्याचे सगळे धागे होते. तो हुशार होता, मेहनती होता, रात्री दोनला फोन केला तरी उचलायचा. व्यवस्थापन त्याच्यावर खूश होते. त्याने नोकरी सोडली तेव्हा पुढचे तीन आठवडे आम्ही नवे काही करू शकलो नाही, जुनेच उलगडत बसलो. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसवण्याचा खर्च कोणाला करायचा नव्हता.

यावरचे उपाय साधे आहेत. प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना आले पाहिजे. ते कसे करायचे हे लिहून ठेवलेले पाहिजे, आणि लिहिणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्याने ते वाचून करून पाहिले पाहिजे. मला सगळ्यात पटलेली परीक्षा रजेची आहे. टीमच्या प्रमुखाने दोन आठवडे रजा घ्यावी, फोन बंद ठेवावा आणि परत आल्यावर काय काय अडले याची यादी मागावी. अडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्याने अजून कोणाला न शिकवलेले काम.

हे आपल्या घरांना आणि धंद्यांना लावून पाहा. आपल्याच जिल्ह्यात मालेगावला यंत्रमागाचा धंदा कुटुंबांच्या जोरावर उभा आहे. वडील असेपर्यंत एक शेड, वडील गेले की भावांत वाटण्या, आणि मागांचे आकडे वाटून घेताना सूत कोणाकडून उधारीवर मिळते, कोणता व्यापारी पैसे वेळेवर देतो हे ज्ञान मात्र एकट्या वडिलांबरोबर गेलेले. नाशिकमधल्या गॅरेजांत, बेकऱ्यांत, फर्निचरच्या कारखान्यांत असेच घडताना दिसते. वारसा म्हणजे मालमत्तेची वाटणी एवढाच अर्थ धरला की धंद्यातली अक्कल वाटायची राहून जाते. मुलगा शिकून आयटीत जातो, वडील म्हणतात, "त्याला यात रस नाही." त्याच दुकानाचा हिशोब बारा वर्षे घरबसल्या लिहिणारी मुलगी असते, पण वारसाचा विषय निघाला की तिचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही. जुलै २०२० मध्ये शिव नाडर एचसीएल टेक्नॉलॉजीजच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले तेव्हा ते पद त्यांच्या कन्या रोशनी नाडर मल्होत्रा यांच्याकडे गेले. तीही घराणेशाहीच आहे. पण मुलगी आहे म्हणून तिचे नाव मागे पडले नाही, एवढे तरी आपल्या घरांनी त्यातून घ्यावे.

आता आपल्या सार्वजनिक संस्थांकडे पाहू. शिक्षण संस्था, मशिदीचे ट्रस्ट, वाचनालये, पतसंस्था, मोहल्ला समित्या. यांतल्या कितीतरी ठिकाणी अध्यक्ष वीस-पंचवीस वर्षे तेच आहेत. तरुणांना कार्यक्रमात खुर्च्या मांडायला, बॅनर छापून आणायला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवायला बोलावतात. हिशोबाची वही त्यांच्यासमोर उघडली जात नाही, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यांना कोणी सोबत नेत नाही. मग एक दिवस अध्यक्ष आजारी पडतात, आणि बँकेत सही कोणाची चालते हेही कोणाला माहीत नसते. नाशिकमधल्याच एका संस्थेचे संकेतस्थळ असे गेले. ज्या स्वयंसेवकाने ते बनवले त्याच्याच खासगी ईमेलवर त्याची नोंदणी होती. तो नोकरीसाठी आखातात गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची आठवण त्याच ईमेलवर येत राहिली, आणि दहा वर्षांचे फोटो, अहवाल, विद्यार्थ्यांच्या याद्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. मला विचारायला आले तोवर उशीर झाला होता.

ज्येष्ठांची बाजूही समजून घेतली पाहिजे. या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, स्वतःची दुकाने बंद ठेवून कचेऱ्यांत खेटे घातले, दंगलीच्या दिवसांत शाळेच्या दाराशी उभे राहिले. आपण सोडले तर हे सगळे बुडेल अशी त्यांना मनापासून भीती वाटते. आणि आपण तरुणांनी त्यांना धीर वाटावा असे काय केले? बैठकीला निम्मे येत नाहीत. येणारे मोबाईलमध्ये असतात. पुण्यात नोकरी लागली की संस्थेचा नंबर म्यूटवर जातो. अशा लोकांच्या हाती कोणी किल्ली का द्यावी?

म्हणूनच एका दिवसात खुर्ची रिकामी करा अशी मागणी मला उपयोगाची वाटत नाही. प्रेमजीही एका दिवसात गेले नाहीत. कार्यकारी पद सोडल्यावर ते संस्थापक अध्यक्ष या मानाच्या नावाने आणि अकार्यकारी संचालक म्हणून मंडळावर राहिले. सल्ला द्यायला हजर, पण रोजच्या निर्णयांवर सही दुसऱ्याची. आपल्या ज्येष्ठांसाठीही अशी मानाची जागा तयार करता येईल. माणसाला बाजूला होताना अपमान वाटला नाही तर तो लवकर बाजूला होतो.

सगळ्यांच्या मताने, घरच्यांना दूर ठेवून वारस ठरवण्याची कल्पना आपल्याला परकीही नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी अखेरच्या दिवसांत वारस निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली, आपल्या मुलाला सल्ल्यासाठी बसवले पण खिलाफतीसाठी त्याचा विचार करू नये असे बजावले, अशी नोंद इतिहासग्रंथांत आहे. ही गोष्ट आपण बयानात ऐकतो, डोळे पाणावतात, आणि दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या रिकाम्या जागेवर अध्यक्षांच्या पुतण्याचे नाव बिनविरोध मंजूर करतो.

तरुण वाचकांना माझे सांगणे असे आहे की पद मागण्याआधी काम मागा, आणि ते हिशोबाचे मागा. 'मला कोषाध्यक्ष करा' असे म्हणण्यापेक्षा 'यंदाचे ऑडिट होईपर्यंत कोषाध्यक्षांच्या शेजारी बसतो' असे म्हणा. वर्षभर बसा, एकही बैठक चुकवू नका. आपल्यात आज पहिल्या पिढीचे अभियंते, वकील, परिचारिका, सनदी लेखापाल आहेत. कामाची शिस्त आपण कचेरीत पगारासाठी पाळतोच, तिचा दहावा हिस्सा मोहल्ल्याला दिला तरी चित्र बदलेल. आणि जबाबदारी मिळाली की पहिल्याच महिन्यात आपल्यानंतर हे काम कोण करील ते ठरवून त्याला, किंवा तिला, शेजारी बसवा. पस्तिशीतल्या माणसानेही वारस तयार करायला हरकत नाही. प्रेमजींना ही वेळ एकविसाव्या वर्षी, अचानक आली होती.

शेवटी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. वक्फ संस्थांची नोंद वक्फ मंडळाकडे असते. तुमच्या जवळच्या संस्थेत जा आणि नम्रपणे तीन गोष्टी विचारा. शेवटचा बदल अर्ज कधी दिला आणि तो मंजूर झाला का? बँकेत आज कोणाकोणाच्या सह्या चालतात? आणि संस्थेची कागदपत्रे, ईमेल व पासवर्ड अध्यक्षांशिवाय आणखी कोणाकडे आहेत? उत्तरे मिळाली तर ती एका वहीत लिहून संस्थेच्या कपाटात ठेवा. मिळाली नाहीत, तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायची लेखी विनंती करा आणि त्या बैठकीला आणखी दोघांना घेऊन जा.